खाली गाडी लावतायत

“सोबत कोण आहे?” त्या पोरीनं विचारलं आणि मी म्हणून गेले, “आहेत ना. खाली गाडी लावतायत.” का म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. खाली कोणी नव्हतं. गाडीही नव्हती. जळगावात, पिंप्राळ्याच्या भाजीबाजारात मेथीची जुडी हातात घेऊन भाव करत होते, तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, मी तिथंच गोणपाटावर बसले आणि एका रिक्षावाल्यानं मला धरून या दवाखान्यात आणून सोडलं. तो बिचारा पुढच्या भाड्याला निघूनही गेला होता. मेथी अजून माझ्या मांडीवर होती. पोरीच्या छातीवर ‘रोशनी’ अशी नावाची पट्टी होती आणि ती मला आजी म्हणत होती, त्याचाही राग आला होता, कारण आजी व्हायला मधे बऱ्याच पायऱ्या असतात आणि त्यातली एकही मी चढलेली नाही. “त्यांना वर बोलवा, सही लागेल,” ती म्हणाली. येतील, मी म्हटलं. तिनं दंडाला पट्टा बांधला, छातीला वायरी चिकटवल्या, पडदा ओढला. थोड्या वेळानं पुन्हा आली, आले नाहीत का म्हणाली, आणि मग खिडकीतून वाकून खाली वॉचमनला हाक मारली, की कामिनीबाईंसोबतचे कोण आहेत बघा, गाडी लावतायत म्हणे. खालून वॉचमन ओरडला, “खूप गर्दी शे वं ताई, गाडी लाई राह्यनात.” त्या भल्या माणसानं कोणाला पाहिलं देव जाणे, पण माझं खोटं त्यानं निभावून नेलं. मला हसू आलं, आणि हसता हसता एकदम डोळे भरून आले. वायरींच्या टोकाला जे यंत्र होतं त्याच्यावर काहीतरी वेडंवाकडं उमटलं असावं, कारण रोशनी म्हणाली, “आजी, शांत पडा.”

शांत पडले. पडदा पुरता ओढला जात नव्हता, एक फट राहिली होती, आणि त्या फटीतून मला शेजारच्या कॉटवरच्या माणसाचा फक्त हात दिसत होता. बाकीचा तो पलीकडे होता आणि त्याचा श्वास यंत्र घेत होतं. तो आवाज मला शिवणयंत्रासारखा एकसुरी वाटला, थांबेल थांबेल म्हणता न थांबणारा. हात म्हाताऱ्याचा होता. बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, जे कशानंही निघत नाहीत. म्हणजे यावलकडचा, बागांत राबलेला माणूस. आणि तो हात कॉटच्या दांडीला पांढऱ्या बँडेजनं बांधलेला होता. मी रोशनीला विचारलं, हात का गं बांधलाय. “नळी ओढून काढतात ना, म्हणून.” पण ते शुद्धीत कुठं आहेत, मी म्हटलं. “शुद्धीत नसतात तेव्हाच जास्त ओढतात,” ती सहज म्हणाली आणि माझ्या सलाइनचा थेंब मोजायला लागली. बाहेर त्या माणसाची मुलं होती. चौघं असावीत, आवाजांवरून. डॉक्टरांना सांगत होती, साहेब, काही कमी पडू देऊ नका, जे करता येईल ते करा, आम्ही मागं हटणार नाही. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, खरोखर जीव तुटत होता त्यांचा. आणि इकडे तो हात मधेच ताणायचा, बँडेज मनगटात रुतायचं, आणि मग हात पुन्हा सैल पडायचा. मला भीती वाटली. अशी भीती मला साठी उलटेपर्यंत कशाचीच वाटली नव्हती, ना अंधाराची, ना चोराची, ना मरणाची.

माझं काही विशेष निघालं नाही. अंगातलं मीठ कमी झालं होतं, म्हणजे या वयात तेही कमी होतं म्हणे. सही माझी मीच केली, कारण गाडी लावणारे शेवटपर्यंत आले नाहीत, आणि रोशनीनं शेवटी त्यांच्याबद्दल विचारायचं सोडून दिलं. तिला कळलं असणार. निघताना तिनं माझ्या हातात मेथी दिली, ती सुकून गेली होती तरी मी घरी येऊन ती निवडली आणि भाजी केली. घरात माणूस एकच असलं की आजारपणाचे लाड करून घेता येत नाहीत, पडून राहायचं म्हटलं तरी आधी उठून स्वतःलाच चहा करून द्यावा लागतो. त्या दिवसापासून मी एक बदल केला. झोपताना दाराची आतली कडी लावायची सोडून दिली. दार फोडायला लागू नये एवढंच मनात होतं. समोरच्या ब्लॉकमधल्या शेजारणीच्या, कोकिळेच्या, ते लक्षात आलं. ती म्हणाली, मावशी, चोर येतील ना. मी म्हटलं, येऊ देत, तेवढंच कोणीतरी येईल. तिला तो विनोद वाटला आणि ती हसली, मीही हसले, आणि आत येऊन खूप वेळ गॅसजवळ नुसती उभी राहिले.

इच्छामरणावर टीव्हीवर मी पूर्वी वाद ऐकलेले होते. चार जण चार चौकटींत बसून भांडायचे, कायदा असावा की नसावा, आणि मी ते ऐकता ऐकता लसूण सोलायचे. एक म्हणायचा, परवानगी द्याल तर घरोघरच्या म्हाताऱ्यांना पोरं मारून टाकतील. दुसरा म्हणायचा, परवानगी देत नाही म्हणून घरोघरची म्हातारी कुजतायत. मला दोघांचंही पटायचं. सुई टोचून मारा असं कायदा म्हणू देत नाही, पण आपल्याला बरं होण्याची आशा नसेल तेव्हा यंत्रावर ठेवू नका एवढं आधी लिहून ठेवता येतं, हे तेव्हा कानावरून गेलं होतं. ते आता आठवलं. तो हात पाहिल्यावर मला वादात काही रस उरला नव्हता. माझे हात कोणी बांधू नयेत एवढंच हवं होतं. म्हणून कोर्टाजवळ भाईदास वकिलांकडे गेले. भला माणूस, माझ्याहून बराच लहान, मला अक्का म्हणतो. त्यानं समजावून सांगितलं. दोन साक्षीदार लागतील, ते मी उभे करतो. नोटरीचा शिक्का लागेल, तोही इथंच होईल. “आणि एक माणूस लागेल, अक्का. तुम्हाला बोलता येणार नाही तेव्हा तुमच्या वतीनं डॉक्टरांना ‘पुरे’ म्हणेल असं. त्याचं नाव घालावं लागतं.” मी म्हटलं, मीच आता म्हणते आहे ना पुरे. “तुम्ही आता म्हणताय. तेव्हा कोणीतरी म्हणायला हवं.” तो पेन उघडून वाट पाहत होता. वर पंखा कुरकुरत होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, जणू तिथं नावं लिहिलेली होती. शेवटी त्यानंच पेन मिटलं आणि म्हणाला, घाई नाही अक्का, नाव सुचलं की फोन करा. कोर्टानं मरणाचा हक्क दिला, पण तोही एकट्या माणसाला मिळत नाही हे मला त्या दिवशी कळलं. रेशनकार्डासारखंच आहे, त्याच्यावर दुसरं नाव लागतं.

रिक्षात बसून घरी येताना मी जगदीशला फोन केला. माझ्या भावाचा मुलगा, धुळ्याला देवपुरात राहतो, मोटारपंपांचं दुकान आहे, मनानं लोण्याचा गोळा. भाऊ गेल्यावर माझं म्हणावं असं रक्ताचं तेवढंच उरलंय, आणि माझ्यामागे पिंप्राळ्याचा फ्लॅट त्याचाच आहे. सगळं ऐकून तो म्हणाला, “आत्या, असं अभद्र काय बोलते? तुला काही होऊ देईन का मी? मुंबईला नेईन. जे लागेल ते करीन, मागं हटणार नाही.” तेच शब्द. मला त्या फटीतला हात दिसला. मी म्हटलं, तेच तर नकोय मला, बाबा. दुकानात मागं कोणीतरी हातोडी मारत होतं. “आत्या, खरं सांगू? फ्लॅट मला मिळणार, आणि मीच म्हणायचं का, की मशीन काढा? गाव काय म्हणेल ते सोड. सुनिता माझी बायको आहे, पण तीसुद्धा एकदा माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघेल. आणि तिचंही सोड. मी मलाच काय म्हणीन?” त्याचं काय चुकलं? काही चुकलं नाही. ज्याला मी हवी आहे तो मला सोडणार नाही, ज्याला काही हवं आहे त्याला सोडा म्हणता येणार नाही, आणि जगदीश बिचारा दोन्हींत होता. मी त्याला म्हटलं, जाऊ दे, गंमत केली, सुनिताला सांग आंबट वरणाची आठवण येते म्हणून. त्याला हायसं वाटलेलं फोनमधून ऐकू आलं. मला माणसांचे श्वास ऐकू येतात फोनमधून, ती माझी जुनी सवय आहे, आयुष्यभर तेच काम केलं.

धुळ्याच्या टेलिफोन ऑफिसात ट्रंक बोर्डावर होते मी. आताच्या मुलांना सांगितलं तर कळत नाही. लांबच्या लांब लाकडी बोर्ड, त्याला भोकं, भोकांवर दिवे, आणि पुढ्यात दोऱ्या. इकडची दोरी तिकडच्या भोकात खोवली की धुळं सुरतेशी बोलायचं. आम्ही बायका ओळीनं बसायचो, कानाला हेडफोन, आणि तीन मिनिटं झाली की मधे तोंड घालायचं, तीन मिनिटं झाली, वाढवायचं का? वाढवलं तर ठीक, नाही तर दोरी ओढायची, की संपलं. माझ्या शेजारी शहजादी बसायची. मौलवीगंजातली, माझ्याच वयाची, नोकरीला लागली तेव्हा तिच्या लग्नाला थोडेच दिवस झाले होते, आणि बोलकी इतकी की सुपरवायझर म्हणायचे हिला बोर्डावर बसवलं म्हणजे मांजराला दुधावर बसवलं. खानदेशातली निम्मी तरणी माणसं तेव्हा सुरतेला कामाला, त्यामुळे गावाकडचं मयत सुरतेला कळवायचं ते आमच्या हातून. वडील गेले, ताबडतोब निघ. आई गेली. पोरगं गेलं. आणि मग पलीकडून रडणं. तीन मिनिटं होऊन जायची, वाढवलेली तीन मिनिटंही होऊन जायची, दोन्हीकडून फक्त रडणं, कोणी काही बोलत नाही आणि कोणी ठेवतही नाही. माझ्याच्यानं ते ऐकवायचं नाही असं नाही, ऐकवायचं, पण दिवे लुकलुकत असायचे. रांगेत कोणाचं तरी दुसरं मरण थांबलेलं असायचं. मी दोरी ओढायचे. शहजादीच्यानं ते कधीच झालं नाही. तिचा हात दोरीवर जायचा आणि तिथंच राहायचा, मग ती भरल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघायची, आणि मी माझ्या जागेवरून हात लांब करून तिचीही दोरी ओढायचे. ऑफिसात मला कात्री म्हणायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही. कोणीतरी कात्री असावं लागतं, नाहीतर पुढच्या माणसाला निरोप पोचत नाही.

आई गेली तेव्हा तर इच्छामरण हा शब्दच आमच्या गावात कोणाला ठाऊक नव्हता. शिरपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी गाव. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं आणि घरी आणलं, आणि मग आई कितीतरी दिवस छताकडे बघत पडून राहिली, श्वास चालू, बाकी सगळं थांबलेलं. तिथं कोर्ट नव्हतं, धुरपदाबाई होती. माझी मोठी काकू, गावातल्या सगळ्या जन्मांना आणि मरणांना तीच. एका सकाळी तिनं चमच्यानं पाणी घालायचं थांबवलं, म्हणाली, “आते पानी बी नको. तिले तरास होस.” एवढं बोलून तिनं वाटी पालथी घातली, आणि कोणी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. तरी जीव जाईना. मग धुरपदाबाई म्हणाली, जीव कशात तरी अडकलाय. शेतातली मूठभर माती आणून आईच्या हातात दिली. गाय दारात आणली. जगदीश तेव्हा तान्हा होता, त्याला छातीवर निजवलं. एकेक वस्तू आणायची आणि सगळ्यांनी आईच्या नाकाकडे बघत बसायचं, असं चाललं होतं, आणि मग धुरपदाबाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “कामिनी, तुना मायना जीव तुनामा अटकेल शे. कानमा सांग तिले, मना लगीन जमनं म्हनीसन.” सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. मी वाकले. आईच्या कानाला खोबरेल तेलाचा वास येत होता, धुरपदाबाईनं सकाळीच लावलं असणार. मला ते खोटं काही बोलता येईना. भलभलती खोटी सहज बोलणारी मी, तिथं जीभ वळेना, आणि तोंडून निघालं ते हे, की आई, मी एकटी नाही, शहजादी आहे. शहजादी गावी यायची तेव्हा तिच्यासाठी आईनं फळीवर वेगळा पेला ठेवलेला होता. कोपऱ्यात, पालथा. शहजादीला ते माहीत होतं आणि ती त्याच पेल्यातून दोनदा चहा मागून प्यायची. तिचंच नाव मी आईच्या कानात सांगितलं. आईनं ऐकलं की नाही मला माहीत नाही, पण दिवस कलला तशी ती गेली, आणि धुरपदाबाई तेरावं होईपर्यंत मला विचारत राहिली, “पोऱ्या कोन शे? काय करस?”

हे सगळं मला धुळ्याच्या बसमध्ये आठवत होतं. पारोळा मागं पडलं होतं, मांडीवर बामणोदच्या भरताच्या वांग्यांची पिशवी होती, आणि मला जरा अपराध्यासारखं वाटत होतं, कारण इतक्या वर्षांत मी शहजादीकडे काहीच मागितलं नव्हतं आणि आता मागायचं तर हे. तिच्या नवऱ्याच्या, इसाकच्या मयताला गेले होते, त्यानंतर आमची गाठ नव्हती. ईदेला आणि दिवाळीला फोन, तोही तिचा. बोर्ड बंद झाला, मशीन आली, आम्हाला वेगवेगळ्या खिडक्यांवर बसवलं, मी जळगावला बदलून गेले, आणि मग असं होतं तसं झालं. पण वकिलानं नाव विचारल्यावर कॅलेंडरकडे बघताना माझ्या मनात जे पहिलं आलं होतं ते तिचंच होतं. तिला माझ्याकडून काही मिळायचं नाही, आणि ती माझी आहे. आणखी काय लागतं, असं मला वाटलं होतं.

मौलवीगंजातला तो जिना चढताना मला दोनदा थांबावं लागलं. ती दारातच उभी होती, कठड्याला धरून, गुडघे गेलेले, केस मेंदीनं लाल. मोईज, तिचा मुलगा, सुरतेला असतो. घरात ती आणि कोपऱ्यात इसाकचं शिवणयंत्र, वर चादर घातलेलं. मी बसायच्या आत ती बोलायला लागली, आणि मला एकदम बरं वाटलं, कोणीतरी पंखा लावल्यासारखं. पाण्याचा पेला पुढं करत म्हणाली, “घे, हा वेगळा नाही ठेवलेला,” आणि स्वतःच हसली. मग खाली बसून वांग्यांना तेलाचा हात लावायला लागली. मी म्हटलं, तुझं नाव लिहायचंय.

“कशावर?”

मी सगळं सांगितलं. भाजीबाजार, गाडी लावणारे, वकील, सगळं; फक्त त्या हाताचं सांगितलं नाही. ती मधे एकदाही बोलली नाही, आणि शहजादी मधे बोलली नाही तर काहीतरी चुकतंय हे मला कळायला हवं होतं.

“जान अमानत असते, कामिनी,” शेवटी ती म्हणाली. “सांभाळायला दिलेली. ज्याची त्याला परत करायची. आपण कोण मधे?”

“मग तो परत मागायला दारात उभा असताना आपण आतून यंत्र लावून बसायचं, ते चालतं?”

तिनं वांगं गॅसवर ठेवलं. “तुझ्याशी वादात मी कधी जिंकले? मला उत्तर नाही येत. तुझंच बरोबर असेल. कायदा पण असू दे, चांगलाच असेल.” वांग्याचं साल तडतडायला लागलं होतं. “इसाकच्या वेळी डॉक्टर म्हणाले, काही उरलं नाही, घरी नेता का? मी हो पण नाही म्हटलं, नाही पण नाही म्हटलं. माझा भाऊ म्हणाला, नेतो. त्याचं काही चुकलं नाही गं. सगळे म्हणाले, बरं केलं, माणूस आपल्या घरात गेला. पण अजून भाऊ समोर चहा प्यायला बसतो ना, तेव्हा माझ्या मनात येतं, ‘नेतो’ यानं म्हटलं होतं. सख्खा भाऊ. माझ्या मोईजला त्यानं पोटच्यासारखं केलं. तरी येतं मनात. मग जी म्हणेल तिच्या मनात किती येत असेल?”

तिनं वांगं दुसऱ्या बाजूवर फिरवलं.

“बोर्डावर माझी दोरी कोण ओढायचं?” तिनं विचारलं.

“मी.”

“मग ते काम घेऊन तू माझ्याकडे आलीस? सगळ्या धुळ्यात तुला मीच सापडले?”

जगदीशचा विचार केला होता, वकिलाचा केला होता, अगदी समोरच्या कोकिळेचासुद्धा करून पाहिला होता. पण शहजादी शेजारी बसायची एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं, तिचा हात दोरीवर जाऊन थांबायचा हे मी विचारातच घेतलं नाही. सगळ्या ऑफिसच्या दोऱ्या मी ओढल्या. माझी ओढायला कात्री उरली नव्हती.

“दुसरं कोणी नाहीये मला,” मी म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं, आणि ते अगदी साध्या आवाजात आलं, भाव विचारावा तसं. तोपर्यंत मला वाटत होतं की मला भीती त्या यंत्राची आहे. ती होतीच. पण त्या म्हाताऱ्याला चार जणांनी धरून ठेवलं होतं, म्हणून त्याला सुटायचं होतं. मला धरायलाच कोणी नव्हतं, आणि मी सुटण्याचे कागद करत फिरत होते. मला रडू आलं. शहजादीनं रडू दिलं, मधे तोंड घातलं नाही, वाढवायचं का म्हणूनही विचारलं नाही. वांगं करपायला लागलं तेव्हा फक्त उठून गॅस बारीक केला.

“लिही माझं नाव,” ती म्हणाली.

“पण तू ‘पुरे’ म्हणणार नाहीस.”

“नाही म्हणणार. माझ्या तोंडून नाही निघायचं.”

“मग उपयोग काय त्याचा?”

“काही नाही. तरी लिही. नाव असेल तर निदान मला कळवतील तरी. नाहीतर तू तिकडे जळगावला पडलीस हे मला कोण सांगणार? मी पहिल्या बसनं येईन, बसेन, बोलत बसेन. डॉक्टर काय करायचं ते करू देत, अल्ला काय करायचं ते करू दे. मी बोलत बसेन, तू कंटाळून आपणहून फोन ठेवशील.”

मला हसू फुटलं, नाकातोंडातून. ती पण हसली. आणि मग मी तिला त्या हाताचं सांगितलं. चिकाचे डाग, बँडेज, मनगटात रुतणारं. “पुरे म्हणू नकोस हवं तर,” मी म्हटलं, “पण एक कर. माझे हात बांधू देऊ नकोस.”

तिनं गॅसवरचं वांगं ताटात काढलं, ओढणीला हात पुसले आणि मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

“मी तिथं बसलेली असताना बांधतील कशाला? मी धरीन ना.”

जळगावला परतल्यावर मी भाईदास वकिलांना नाव दिलं. ती ‘पुरे’ म्हणणार नाही हेही सांगितलं. तो म्हणाला, अक्का, मग या नावाला अर्थ नाही, दुसरं बघू. मी म्हटलं, तेच घाला. त्यानं नातं विचारलं, मी मैत्रीण सांगितलं. त्यानं तसं लिहिलं. मी त्या यंत्रावर महिनोन् महिने पडून राहीन का, कोण जाणे. राहीनही. भीती अजून वाटते, रोज झोपताना वाटते. कडी मात्र पुन्हा लावायला लागले आहे.

अंगातलं मीठ पुन्हा तपासायला बोलावलं होतं, त्या दिवशी शहजादी धुळ्याहून आली. मी नको म्हटलं होतं. तपासणीच्या कॉटवर मी आडवी झाले, रोशनीनं दंडाला रबराचा पट्टा बांधला आणि सवयीनं विचारलं, “आजी, सोबत कोण आहे?”

“आहे ना,” मी म्हटलं. “खाली रिक्षावाल्याशी भांडतेय.”

रोशनीनं माझ्याकडे पाहिलं आणि शीर शोधायला लागली. तिला ते पटलं नव्हतं, पटणारही नव्हतं, मागचा अनुभव होता. शेजारच्या कॉटवर नवी चादर घातलेली होती. मी दाराकडे तोंड करून पडले. पुष्कळ वेळ कोणी आलं नाही. मग जिन्यावरून, पायरीगणिक थांबत, धापा टाकत, रिक्षावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो आवाज वर यायला लागला, आणि रोशनीनं सुई हातात तशीच धरून दाराकडे पाहिलं.